बावीस-सात

दहावीच्या गणितात धीरज कसाबसा काठावर पास झाला आणि त्या काठावरचंही पुढे वाहून गेलं. समीकरणं गेली, प्रमेयं गेली, चक्रवाढ व्याज तर आलंच नव्हतं. उरलं ते एवढंच : बावीस भागिले सात. पण माणूस नशिबाचा खरा. त्या एका अपूर्णांकावर त्यानं दुकान टाकलं, घरावर स्लॅब टाकली, लग्न केलं आणि अल्लीपुरात चारचौघांत मान मिळवला.

बस स्टॉपच्या अलीकडे त्याचं पत्र्याच्या कोठ्यांचं दुकान आहे. तूर-गहू घरात यायचे दिवस आले की लोक त्याच्याकडे येतात आणि दोन्ही हात फाकवून सांगतात, "एवढी रुंद पाह्यजे." धीरज रुंदी मोजतो, बावीसनं गुणतो, सातनं भागतो, जोडासाठी इंचभर जास्त धरतो आणि पत्रा कापतो. वळवलेल्या पत्र्याच्या दोन्ही कडा एकमेकींवर नेमक्या येऊन बसतात. हे त्याला बाबारावांनी शिकवलं. त्यांच्या हाताखाली तो शिकायला होता तेव्हा म्हातारा कात्री चालवता चालवता म्हणायचा, "गोल म्हटलं की बावीस-सात. मंग तो डब्बा असो का देवळाचा कळस." धीरजनं हे वाक्य गुरुमंत्रासारखं घेतलं. मंत्राचं एक वाईट असतं, तो कुठे म्हणायचा नाही हे कुणी सांगत नाही.

धीरजची मुलगी चंचल तेव्हा सहा महिन्यांची झाली होती. लाडानं सगळं घर तिला 'गोल डोस्क्याची' म्हणायचं. अंगणवाडीत लसीकरण होतं, म्हणून तो आणि त्याची बायको वर्षाली तिला गाडीवर घेऊन गेले. सुई टोचून झाल्यावर पोरीनं आकाशपाताळ एक केलं. त्या गोंधळातच गावच्या आशाताईनं, पंचफुलानं, तिच्या डोक्याभोवती कागदी टेप फिरवला.

"साडेत्रेचाळीस," ती म्हणाली आणि तक्त्यावर बोट टेकवून थांबली. "वरच्या अंगाले हाय जरा. भ्याचं काई काम नाई. पुढच्या महिन्यात अर्धा, लय झालं तं एक सेंटीमीटर वाढन. त्याच्यावर गेलं तं मात्र मोठ्या दवाखान्यात दाखवजा."

वर्षाली पोरीला उगी करण्यात गुंतली होती, तिच्या कानावर अर्धंच पडलं. धीरजच्या कानात मात्र ते पूर्ण शिरलं आणि तिथेच ठाण मांडून बसलं. साडेत्रेचाळीस आणि एक, साडेचव्वेचाळीस. त्याच्यावर गेलं तं. गाडीला किक मारतानाही तो तीच बेरीज करत होता.

दुसऱ्या कुणा बापानं हे हसण्यावारी नेलं असतं. पण याच घरात कार्तिक वाढला होता, धीरजच्या मोठ्या भावाचा, अमरचा मुलगा. कार्तिकचं डोकं मोठं होतं आणि घराला त्याचं कौतुक होतं. येणारा-जाणारा म्हणायचा, "सर बडा सरदार का, पैर बडा गंवार का," आणि पोराच्या हातावर दहाची नोट ठेवायचा. पोरगं कलेक्टर होणार यावर सगळ्यांचं एकमत झालं होतं. पुढे त्याची बुबुळं खाली सरकायला लागली, तो मान धरेना, तेव्हा कुठे त्याला दवाखान्यात नेलं. डोक्यात पाणी साठलं होतं. ऑपरेशन झालं, दोन महिने काढले, आणि पोरगं गेलं. चार वर्षं झाली त्याला. अमर बायकोला घेऊन नागपूरला गेला तो तिकडचाच झाला.

तेव्हापासून धीरजच्या आईनं, जयवंताबाईनं, घरात एक कायदा केला होता. निजल्या लेकराला मोजू नये, वाढ खुंटते, असं जुनी माणसं म्हणतातच. पण जयवंताबाईचा कायदा त्याहून कडक होता. शेवटचे दोन महिने दवाखान्यात रोज सकाळी नर्सबाई टेप घेऊन यायची आणि कार्तिकच्या डोक्याभोवती गुंडाळायची, आणि रोज आकडा वाढलेला असायचा. म्हातारीच्या मनात आजार आणि टेप यांचं एकच झालं होतं. लेकराच्या डोक्याभोवती दोरी नाही, फीत नाही, टेप नाही. वर्षाली ब्लाउज शिवायची, तिचा टेपसुद्धा मशीनच्या खणात दडवलेला असायचा. अंगणवाडीत टेप लावला हे दोघांनी घरी सांगितलंच नाही.

आता धीरजनं करावं काय? महिनाभर थांबायचं? तो दिवसातून दहा वेळा पोरीकडे बघायचा. सकाळी डोकं नेहमीएवढं दिसायचं, दुपारी मोठं दिसायचं, संध्याकाळी त्याला काहीच कळेनासं व्हायचं. डोळ्यांनी मोजणारा माणूस शेवटी आपल्या भीतीचीच मापं घेतो. आणि मग एका दुपारी दुकानात कोठीच्या तोंडाला कॅलिपर लावताना त्याच्या मनात आलं, डोक्याभोवती काही गुंडाळायची गरजच काय?

कॅलिपर म्हणजे चिमट्यासारखं दोन वाकड्या पायांचं हत्यार. वस्तू त्या दोन पायांत धरायची, पायांतलं अंतर पट्टीवर मोजायचं, झाली रुंदी. रुंदी मिळाली की घेर मिळाला. दोरी नाही, टेप नाही, आईचा कायदाही मोडत नाही. देवालासुद्धा फसवील अशी ही वकिली करून धीरज भरदुपारी घरी आला. जयवंताबाई कापूस वेचायला गेली होती, वर्षाली दळणाला. शेजारची सपना पोरीजवळ बसली होती, तिला त्यानं "जा, मी हावो," म्हणून घालवलं.

चंचल भिंतीकडे तोंड करून कुशीवर झोपली होती. त्यानं कॅलिपरच्या टोकांना रुमालाची चिंधी गुंडाळली, श्वास रोखला आणि एक टोक कपाळाला, दुसरं मागच्या बाजूला अलगद टेकवलं. पोर हलली नाही. पट्टीवर अंतर आलं पंधरा पूर्णांक चार. मोबाइलवर त्यानं बावीस-सात केलं.

अठ्ठेचाळीस पूर्णांक चार.

त्यानं पुन्हा केलं, पुन्हा तेच. बोट चुकलं असेल म्हणून तोंडी केलं, तरी तेच. साडेचव्वेचाळीसच्या वर जायचं नव्हतं, आणि महिना व्हायच्या आत ते अठ्ठेचाळीसच्या पुढे गेलं होतं. धीरज तिथेच जमिनीवर बसला. पोर झोपेत ओठ हलवून दूध पीत होती आणि त्याला तिच्याकडे बघवत नव्हतं.

मग आशा जागी झाली. हत्यारच बिघडलं असेल. त्यानं मांडणीवरचा स्टीलचा डबा काढला, कॅलिपर लावलं, बावीस-सात केलं आणि मग डब्याला सुतळी गुंडाळून पाहिली. सुतळी आणि हिशेब केसाचाही फरक न पडता जुळले. त्यानं तांब्या घेतला, तांब्याच्या पोटाचंही तसंच आलं. एरवी असं जुळलं की त्याची छाती फुगायची. त्या दिवशी तांब्या हातात धरून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. हत्यार बरोबर होतं, हिशेब बरोबर होता. म्हणजे चूक पोरीतच होती.

तो कुणाला बोलला नाही. वर्षालीला सांगावं तर तिचं दूध आटेल ही भीती, आईला सांगावं तर ती जिवंतपणी मरेल ही भीती, आणि खरं सांगायचं तर बोललं की ते खरं होईल ही सगळ्यात मोठी भीती. त्यानं मोबाइलवर शोधलं आणि जी चित्रं दिसली ती पाहून मोबाइल उपडा ठेवला. भिंतीवरच्या कॅलेंडरात केळझरचा गणपती होता, त्याला हात जोडले आणि नवस बोलता बोलता जीभ अडखळली. एवढ्या मोठ्या डोक्याच्या देवापुढे, माझ्या पोरीचं डोकं लहान ठेव, असं म्हणायचं तरी कसं? दुकानात त्यानं एका गिऱ्हाइकाचा पत्रा आखूड कापला. कडा एकमेकींना भेटेनात. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं, आणि धीरजनं त्यातही अपशकुन पाहिला.

शेवटी त्यानं ठरवलं, सोमवारी वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात जायचं. पण त्याआधी एकदा, एकदाच, पुन्हा मोजायचं. घरी सांगताना पक्कं सांगता यावं म्हणून. निदान बायकोला तरी त्यानं असंच सांगितलं असतं. खरं म्हणजे आकडा कमी येईल अशी त्याची वेडी आशा होती.

आशा फळाला आली आणि तीच अंगावर आली.

शनिवारी दुपारी तो पुन्हा घरी गेला आणि पोरीजवळ बसलेल्या सपनाला पुन्हा वाटेला लावलं. चंचल उताणी पडून स्वतःच्या पायाचा अंगठा पकडायच्या उद्योगात होती. तिचं डोकं उशीवर टेकलेलं, मागून कॅलिपर घालता येईना. म्हणून त्यानं एक टोक एका कानावर, दुसरं दुसऱ्या कानावर धरलं. पोरीला गुदगुल्या झाल्या, ती खुदकन हसली. अंतर आलं बारा पूर्णांक सहा. बावीस-सात केलं तर एकोणचाळीस पूर्णांक सहा.

क्षणभर त्याला वाटलं, सुटलो. दुसऱ्या क्षणी त्याच्या लक्षात आलं की अंगणवाडीत साडेत्रेचाळीस होतं. तेव्हापेक्षाही हे चार सेंटीमीटर कमी. डोकं फुगतं हे त्यानं पाहिलं होतं. डोकं आटतं हे त्यानं कधी ऐकलंसुद्धा नव्हतं. हा कुठला आजार? याला डॉक्टर तरी कोणता? त्यानं कॅलिपर पुन्हा दोन्ही कानांवर धरलं.

"हे काय करून राह्यले तुमी?"

दारात वर्षाली उभी होती, कमरेवर दळणाचा डबा. तिला दिसलं ते एवढंच, की आपल्या पोरीचं डोकं नवऱ्यानं लोखंडी चिमट्यात धरलंय. तिनं डबा खाली ठेवला, ठेवला कसला, सोडला, आणि झडप घालून पोर उचलली.

मग धीरजला आवरलं नाही. अंगणवाडी, साडेत्रेचाळीस, अठ्ठेचाळीस, तांब्या, सुतळी, आजचे एकोणचाळीस, सगळं त्यानं एका दमात ओकून टाकलं. वर्षाली पोर छातीशी धरून ऐकत राहिली.

"अन् हे तुमी मले आता सांगून राह्यले?" ती म्हणाली. "मी कोन हावो हिची? गिऱ्हाईक?"

"तुले टेन्शन नको म्हणून..."

"टेन्शन नको म्हणून चिमटा लावता होय?"

धीरजनं कॅलिपर पाठीमागे नेलं. पोर मात्र आईच्या मंगळसूत्राला लोंबकळून मजेत होती. वर्षालीनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला, पुढून मागे, मग एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे, आणि तिचा हात थांबला.

"पैल्या वक्ती कुठून धरलं होतं?"

"कपाळापासून मांगं."

"अन् आज?"

"या कानापासून त्या कानापर्यंत."

वर्षाली पोरीला मांडीवर घेऊन खाली बसली आणि तिचा टाळू नवऱ्याकडे केला. "इकडं या. वरतून पाहा."

धीरजनं वाकून पाहिलं. दिवसातून दहा वेळा तो या डोक्याकडे बघत होता, पण समोरून, भीतभीत. रोज कोठीच्या तोंडात वरून डोकावणाऱ्या माणसानं आपल्या लेकीचं डोकं वरून कधी पाहिलंच नव्हतं. ते अंड्यासारखं होतं. पुढेमागे लांब, कानांकडे अरुंद.

"हे गोल हाय?" वर्षालीनं विचारलं.

"नाई," धीरज म्हणाला.

"मंग तुमचं बावीस-सात इथं कायले चालन? मी दोन कोसावरून सांगितलं असतं. पन मले विचारते कोन?"

गोल म्हटलं की बावीस-सात. बाबाराव खोटं बोलले नव्हते. घरादारानं पोरीला 'गोल डोस्क्याची' म्हटलं आणि धीरजनं तो शब्द पत्र्यासारखा धरला. लांबीकडून मोजलं म्हणून आकडा फुगला, रुंदीकडून मोजलं म्हणून आटला. पोरीचं डोकं जागच्या जागी होतं, हाच त्याच्याभोवती कॅलिपर घेऊन नाचत होता. त्याला हसू यायला हवं होतं आणि ते ओठापर्यंत आलंही. पण तिथेच थिजलं.

"मंग खरा आकडा किती?" तो म्हणाला.

अठ्ठेचाळीस खोटे, एकोणचाळीस खोटे. खरा आकडा या दोघांच्या मध्ये कुठेतरी होता. तो चव्वेचाळीस असेल किंवा शेहेचाळीस असेल, आणि पोरीचं सगळं आयुष्य तेवढ्या दोन आकड्यांच्या फटीत अडकलं होतं. इतके दिवस त्याच्या भीतीला निदान आकडा होता. आता तोही नव्हता, आणि हे त्याला जास्त जड गेलं. डोक्याभोवती फिरल्याशिवाय कळणार नव्हतं.

"टेप आन," तो हळूच म्हणाला.

वर्षाली उठली नाही. ती त्याच्या खांद्यावरून दाराकडे बघत होती. धीरजनं मागे वळून पाहिलं. दारात जयवंताबाई उभी होती, पोटाशी कापसानं भरलेली ओटी तशीच बांधलेली. कधीपासून उभी होती कुणास ठाऊक.

"किती भरलं?" तिनं विचारलं.

"काई नाई, माय. असंच..."

"मले लहान समजू नको. किती भरलं?"

त्यानं दोन्ही आकडे सांगितले, दोन्ही खोटे कसे तेही सांगितलं. जयवंताबाई रागावली नाही. तिनं ओटी सोडली, कापूस तिथेच जमिनीवर पडू दिला, आत गेली आणि एक टोपडं घेऊन आली. पिवळ्या फुलांचं, गळ्याखाली बांधायचे दोन बंद असलेलं.

"हे मी हिच्यासाठी दिवाळीत शिवलं," ती म्हणाली. "रोज आंघोळ झाली का घालून पाह्यतो. बंद कुठंवर येते ते पाह्यतो, अन् काढून ठेवतो." धीरजला आजवर वाटत होतं, म्हातारीला नातीला नटवायची हौस आहे. नाव न घेता ती पुढे म्हणाली, "त्याचं टोपडं दर आठ दिवसाले उसवा लागे. हिचं अजून तेच हाय."

"मंग बरंच हाय ना, आई," वर्षाली घाईनं म्हणाली.

"टोपडं कापडाचं असते वं. ताणलं का बसते. मी बी ताणतोच रोज." जयवंताबाईनं टोपडं खाली ठेवलं. "ह्याले आकडा पाह्यजे. मले बी पाह्यजे. आन तुहा टेप, मशीनच्या खणात ठेवते तो."

वर्षालीनं टेप आणून नवऱ्याच्या हातात दिला. धीरजनं तो पोरीच्या कपाळाशी नेला, पण टेप भुवईवर घसरायचा, कानावर घसरायचा. दोनदा असं झालं. मग जयवंताबाईनं त्याच्या हातातून टेप काढून घेतला. कापसाच्या बोंडांनी ओरखडलेल्या बोटांनी तिनं तो भुवयांच्या वरून घेतला, कानांच्या वरून नेला, मागच्या उंचवट्यावरून फिरवला आणि पुढे आणून टोकाशी टोक मिळवलं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. दोन महिने रोज सकाळी तिनं ते पाहिलं होतं.

"मले आकडे येत नाई," ती म्हणाली. "वाच."

धीरज वाकला. आकडे डोळ्यांपुढे पोहत होते. त्यानं शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले आणि पुन्हा पाहिलं. तिचं बोट चव्वेचाळीसच्या रेषेवर होतं. अलीकडे नाही, पलीकडे नाही. तिसऱ्यांदा पाहिलं तरी चव्वेचाळीसच. त्याच्या दोन्ही चुकांच्या बरोबर मधोमध.

"बोल," जयवंताबाई म्हणाली.

धीरजनं पुन्हा बाही डोळ्यांना लावली.

"बरं हाय का?"

त्यानं मान हलवली.

"मान नको हालवू. त्या वक्ती बी सारे मानच हालवत होते माह्यापुढं. तोंडानं सांग."

"बरं हाय, माय," धीरज म्हणाला. "चव्वेचाळीस हाय. बरं हाय."

"पुन्हा सांग."

"बरं हाय तिचं डोस्कं."

जयवंताबाईनं टेप सोडला. चंचलनं तो लगेच पकडला आणि त्याचं टोक तोंडात घातलं. कुणी काढून घेतलं नाही. म्हातारी हळूहळू खाली बसली, सांडलेल्या कापसातच, आणि चार वर्षांत पहिल्यांदा कार्तिकचं नाव घेऊन मोठ्यानं रडली. धीरज तिच्या शेजारी बसला. त्यानं तिला गप्प बस म्हटलं नाही.